अण्णांचा शड्डू

मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं, "खुब्याचं हाड ठिसूळ झालंय. पडले तर पुन्हा उभे राहायचे नाहीत." अण्णा, म्हणजे माझे वडील, शेजारीच दोन खुर्च्या जोडून बसले होते. एका खुर्चीत ते कधीच मावले नाहीत. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "जत्रंला चालंल न्हवं?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

इस्लामपूरच्या पलीकडं आमचं गाव. तिथल्या जत्रेतली शेवटची, मोठी कुस्ती अण्णांच्याच हातानं लागते. दोन पैलवानांना मातीत मधोमध उभं करायचं, त्यांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, मग अण्णांनी एक पाय उचलून मांडीवर पंजा आपटायचा, म्हणजे शड्डू ठोकायचा. त्या आवाजावर कुस्ती सुरू. पूर्वी तो आवाज नदीपलीकडं जायचा म्हणे. गावाचं काय, गाव काहीही सांगतं.

पण माणूस होताच तसा. दारातून वाकून आणि शिवाय अंग तिरकं करून यायचा. एसटीत त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे, कारण जागाच उरत नसे. भल्याभल्यांना त्यांनी आस्मान दाखवलं. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी तालमींत आजही मारुतीच्या तसबिरीशेजारी त्यांचा फोटो दिसतो. मी शाळेची मुख्याध्यापिका झाले, पण लोकांच्या लेखी अजून पैलवानाची लेकच.

आणि या पैलवानाच्या लेकीला तालमीत पाऊल टाकायची बंदी! लहानपणी एकदा दार उघडं दिसलं म्हणून मी तांबड्या मातीत उतरले. अण्णांनी एका हातानं उचलून बाहेर आणलं आणि नळाखाली माझे पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतली मातीसुद्धा काढली. "बायमाणसाचा पाय लागत न्हाई हितं," म्हणाले. मारलं असतं तर परवडलं असतं, इतका राग आला होता मला. तो अजून गेलेला नाही. आता त्याच जत्रेत मुलींच्या कुस्त्या होतात. अण्णा पुढं बसून त्यांची पाठ थोपटतात, पण आमच्या घरातली बाई मात्र कडेलाच उभी.

यंदा निघताना मी म्हणाले, "काठी तरी घ्या."

"काठी घिऊन कुस्ती लावत्यात व्हय?"

"मग कुणाचा तरी हात धरा."

"हात धरून मातीत जाणारा पैलवान बगितलायस कवा?"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

मैदानात हलगी कडकडत होती. मी कडेला पंचांच्या खुर्च्यांशेजारी उभी होते. अण्णा फेटा बांधून, अनवाणी, एकटे आत गेले. माती ताजी उकरलेली, भुसभुशीत. पावलागणिक त्यांचा पाय रुतत होता. मध्यावर पोचले, दोघांचे हात जुळवले. हलगी थांबली आणि कुणीतरी ओरडलं, "अण्णा, शड्डू!" मग सगळं मैदानच ओरडायला लागलं.

अण्णांनी पाय उचलायला घेतला. टाच जराशी सुटली आणि परत खाली आली. लोकांना वाटलं, म्हातारा मजा करतोय. शिट्ट्या वाजल्या. मला मात्र धोतराआड थरथरणारा गुडघा दिसत होता. समोरचे दोन्ही पैलवान गोंधळून बघत राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला न विचारता धरायचं कसं, हा त्यांना पेच. अण्णांनी पुन्हा जोर केला, तसा तो डोंगराएवढा देह एका अंगाला कलला. आता पडणार, या सगळ्यांसमोर पडणार, आणि मग शेवटपर्यंत खाटेवर.

कसेबसे सावरले आणि माझ्याकडं वळले. अण्णांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"बाय, ये हिकडं."

शेजारचे पंच उठले. "आवं, तुमी थांबा, मी जातो."

"मला बोलावलंय," मी म्हणाले आणि चपला काढल्या.

ताक-तेल मुरलेली माती तळव्यांना गार लागली. मी डावीकडं जाऊन उभी राहिले आणि त्यांचा पंजा माझ्या खांद्यावर पडला. घोट्यापर्यंत खाली गेले मी.

"हलू नगंस गं," ते हळूच म्हणाले.

"न्हाई हलत. तुमी ठोका."

त्यांनी पाय उचलला. त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं, कंबरेतून कळ गेली. मी दात आवळून धरले. मांडीवर थाप बसली. नदीपलीकडं जाण्याइतकी नव्हती, पण बसली. हलगी कडाडली, पैलवान भिडले, आणि लोकांचे डोळे तिकडं लागले. आम्ही दोघं पाय ओढत बाहेर आलो तेव्हा आमच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर अण्णांना अंगणातल्या बाजेवर बसवलं आणि त्यांच्या पायांवर पाणी घातलं. मग तांब्या भरून स्वतःच्या मातीनं माखलेल्या पायांवर ओतणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. तुजं ऱ्हाऊ दे."

इतक्या वर्षांचा राग ओठांवर आला. "आत्ता सुचलं व्हय?" मी म्हणाले.

ते मान खाली घालून माझ्या पायांकडं बघत राहिले. मी तांब्या खाली ठेवला.