पाव इंचाचं पिस्तूल

"उडलं न्हाई!"

एवढं बोलून रंगराव पाटलांनी रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल माझ्या काउंटरवर आपटलं. मी झटकन खाली वाकलो. फौजेत मी आर्मरर हवालदार होतो, म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. हत्यार आपटणाऱ्या माणसासमोर ताठ उभं राहायचं नाही, हा तिथला पहिला धडा.

"भरलेलं आहे का?" मी काउंटरखालूनच विचारलं.

"भरलेलंच हाय की! म्हणून तर इचारतोय, उडलं का न्हाई?"

"उडवलं कुणावर?"

"सर्जावर."

सर्जा म्हणजे सर्जेराव, रंगरावांचा धाकटा चुलतभाऊ. गाव शिराळ्याजवळचं. दोघांच्या घरांची भिंत एक आणि शेतांचा बांधही एक. भिंतीवरून कधी भांडण झालं नाही, बांधावरून मात्र वर्षानुवर्षं चालू होतं. रंगराव हे सगळं अशा आवाजात सांगत होते, की मोटारपंप नादुरुस्त निघाल्याची तक्रार वाटावी. माझं डोकंच फिरलं.

"अहो, शुद्धीवर आहात का? सख्ख्या चुलतभावावर घोडा ओढलात? तीनशे सात लागतं त्याला. खुनाचा प्रयत्न!"

"ते ऱ्हाऊ द्या वो. माल खराब दिलासा, त्येचं बोला."

'माल खराब' हे दोन शब्द ऐकून आमचे शेठ आतल्या खोलीतून धावत आले. सांगलीतलं ते बंदुकांचं दुकान त्यांचं, मी तिथं पगारी दुरुस्तीवाला. गोष्ट नव्वदीतली आहे. मधला तीनशे सातचा भाग शेठच्या कानांनी सोयीस्कर गाळला होता.

"हवालदार, आवाज खाली. पाटील, आधी बसा. चहा घेणार का कॉफी?"

रंगराव बसले. बाकावर त्यांच्या शेजारी शेवंतावहिनी, म्हणजे त्यांची मंडळी, आधीपासूनच बसल्या होत्या. पदर डोक्यावर, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. नवऱ्यानं माणसावर पिस्तूल चालवलंय हे जगजाहीर होत होतं आणि ही बाई कॅलेंडरातल्या तिथी वाचत होती. मला नवल वाटलं, पण पिस्तूल भरलेलं होतं, त्यामुळं नवल नंतर करायचं ठरवलं.

ते पिस्तूल मीच त्यांना श्रावणात दाखवलं होतं. लायसन्सवर कारण लिहिलेलं असतं, 'स्वसंरक्षण'. मी तेव्हा सहज विचारलं होतं, "पाटील, तुमच्या भागात नागपंचमीला लोक जिवंत नाग हातानं धरतात. तुम्हाला भीती कुणाची?"

"नागाला कोण भितंय? घरच्याची भ्या असती," ते म्हणाले होते.

त्यांना हवं होतं पॉइंट थ्री-टू रिव्हॉल्व्हर. त्याला नंबर लावून थांबावं लागे. पाटलांना थांबवेना. दुकानात एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं विलायती पिस्तूल विक्रीला आलं होतं, पॉइंट टू-फाइव्ह. बाहेरून हत्यारं आणायला बंदी होती, म्हणून असे जुने नगच या हातातून त्या हातात फिरायचे. आता हे पॉइंट म्हणजे काय, तर नळीचं आतलं भोक, म्हणजेच बोअर. पॉइंट टू-फाइव्ह म्हणजे पाव इंच. गोळी हरभऱ्याच्या दाण्याएवढी. अख्खं पिस्तूल माझ्या तळहातात मावायचं आणि वर अंगठ्याला जागा उरायची.

"यानं माणूस पडंल का?" रंगरावांनी विचारलं.

"लागलं तर मरेल," मी म्हणालो. "पण पडेलच असं नाही. मरणं वेगळं आणि थांबणं वेगळं. लहान गोळी लागलेला माणूस रागात असला तर त्याला कळतसुद्धा नाही. तो येतो, तुम्हाला कुऱ्हाडीनं उभा चिरतो आणि मग दवाखान्यात जाऊन मरतो. दोघांचे तेरावे एकाच दिवशी."

शेठनी काउंटरखाली माझ्या पायावर पाय दिला. "पाटील, मूर्ती लहान पण कीर्ती महान! साहेब लोक हेच वापरायचे."

साहेब लोक वापरायचे म्हटल्यावर सौदा झाला. आमच्या भागात एवढं प्रमाणपत्र पुरतं.

मग मी वापर शिकवला. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढायचा असतो, त्याला स्लाइड म्हणतात. रंगरावांची बोटं केळ्यासारखी, त्यांची पकड बसेना. तीनदा स्लाइड निसटली, एकदा नख तुटलं. सोबत आलेल्या वहिनी बघत होत्या. म्हणाल्या, "आणा हिकडं." आणि पहिल्याच हिसड्याला मागे ओढली. रंगराव म्हणाले, "दळण कांडण केलेला हात हाय त्यो." मी आत दाखवलं, "ही पिन. ही पुढं जाऊन गोळीच्या बुडावर आपटते, तेव्हा गोळी उडते. इथं काही अडकलं की खेळ खलास."

आणि मग माझं नेहमीचं भाषण केलं, दसऱ्याचं. ते सांगायलाच हवं. खंडेनवमीला आमच्याकडे घरोघर हत्यारांची पूजा होते. विळा, कोयता, पाना, ट्रॅक्टर, सगळ्याला हळदकुंकू. कोयत्याचं काही बिघडत नाही. बंदुकीचं बिघडतं. मी बौद्ध. दसऱ्याला आमच्या वस्तीत धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असतो, मी दोन दिवस रजेवर. परत यावं तर दुकानात बंदुकांची ही रांग! कुणाच्या नळीत तांदूळ, कुणाच्या घोड्यात झेंडूच्या पाकळ्या. दुसऱ्यांच्या देवांची आंघोळ काढणं हे माझं दसऱ्यानंतरचं काम. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावायचो, "लांबून ओवाळा, नमस्कार करा, पण आत काही घालू नका. पंचामृत तर बिलकूल नाही."

वहिनींनी त्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता. "पंचामृतातलं काय वाईट म्हणायचं? तूप का मध?"

प्रश्न हुशारीचा वाटला. मी खुशीत सविस्तर उत्तर दिलं, "तूप पुसलं की निघतं. मध आत जाऊन बसतो, घट्ट होतो. सगळ्यात वाईट मध."

"बरं," त्या म्हणाल्या होत्या.

तर आता दिवाळी होऊन गेली होती, आणि रंगराव चहा फुंकत बांधावरची हकीकत सांगत होते. सर्जेराव बांधावरची बाभळ तोडत होता. बाभळ कुणाची यावरून शब्दाला शब्द वाढला. आईबहिणी निघाल्या. सर्जेरावाच्या हातात कुऱ्हाड होती. रंगरावांनी खिशातून पिस्तूल काढलं, रोखलं आणि घोडा ओढला.

"मग?"

"टक् झालं. नुसतं टक्."

"आणि सर्जेराव?"

रंगरावांचे कान लाल झाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्यो हासला. म्हणला, दादा, लायटर घेतलासा व्हय सांगलीतनं? आणि कुराड टाकून बिडी तोंडात धरली न् म्होरं वाकला. म्हणला, पेटवा."

तेव्हा बाजारात पिस्तुलाच्या आकाराचे लायटर फार निघाले होते. आमच्या दुकानातलं हे विलायती पिस्तूल त्या लायटरांपेक्षा जरा लहानच होतं. मला हसू फुटत होतं, पण हसणार कसा? पुढ्यात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"गावात समदी मला लायटरवालं म्हणत्यात, हवालदार. पोरंसोरं बिडी धरून आडवी येत्यात. येत्या सोमवारी बांधाची मोजणी हाय, सरकारी माणूस यायचा हाय. त्येच्या आत हे चालू करून द्या. एकदा तरी आवाज निघाय पायजे."

या माणसाला आता संरक्षण नको होतं, आवाज हवा होता. आणि सोमवारी त्या बांधावर पुन्हा तीच कुऱ्हाड असणार. दुरुस्ती माझ्या हातची. दुरुस्त करून दिलं तर सोमवारी एक माणूस मरणार आणि दुसरा जन्मभर आत जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

शेठ त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेले, नव्या दुनळी, बारा बोअरच्या बंदुका दाखवायला. शेठना पाटलांच्या अश्रूंतही धंदा दिसायचा. मी गोळ्या काढून बाजूला ठेवल्या. नळीतल्या गोळीचं बूड पाहिलं. पिन तिथं पोचली होती, पण आपटली नव्हती, नुसती टेकली होती. उन्हाळ्यात झोपेतल्या माणसानं माशी हाकलावी तेवढाच जोर. मी पिस्तूल खोललं.

आतून मुंग्या निघाल्या. लाल मुंग्या, एकामागं एक, काउंटरवरून खाली.

पिनेची खोबण मधानं गच्च भरलेली. मधात कुंकू कालवलेलं. पूजा करताना दोन थेंब सांडले तर एवढं होत नाही. स्लाइड मागे ओढून, सावकाश, बोटानं दाबून दाबून भरलेलं होतं. इतकं मन लावून भरलेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी मान वर केली. कॅलेंडरवरची नजर आता माझ्याकडे लागली होती.

"वहिनी," मी म्हणालो, "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुमी सांगितलं तसंच केलं की," त्या म्हणाल्या. "मध सगळ्यात वाईट म्हणला हुता."

त्या उठून काउंटरपाशी आल्या. आवाज खाली, पण घट्ट.

"आवं, ह्यो माणूस रागाला लय वाईट. राग उतरला की रडत बसतोय. लग्न हून आले तवा सर्जा भावजी शाळंत जात हुते, माज्या हातची भाकरी खाऊन वाढल्यात. गोळी उडली आसती तर माज्या धाकल्या जावंचं कुंकू गेलं आसतं. मागनं ह्यांस्नी फाशी, मंजी माजं बी गेलं. एका बाभळीपायी दोन घरं उजाड. म्हणून खंडेनवमीला देवाला म्हणलं, पूजा तुजी, आन् मध हवालदारांचा."

"आणि सर्जेरावानं कुऱ्हाड घातली असती तर? पिस्तूल बंद करून नवऱ्याला तसाच धाडलात?"

त्यांचा चेहरा एकदम पडला. "त्येचीच भ्या हुती. त्या दिवसापास्नं डोळ्याला डोळा न्हाई माज्या. पण भावजी वळखायचं न्हाईत त्येला, एवढंसं तर हाय ते."

आणि खरंच की! सर्जेरावाला ते पिस्तूल वाटलं असतं तर कुऱ्हाड खाली पडली नसती, वर गेली असती. ते लायटर वाटलं म्हणून बिडी निघाली. फौजेत मला हत्याराचे सगळे गुण शिकवले होते, ते ओळखू न येण्याचा गुण कुणी शिकवला नव्हता.

रंगराव बाहेर आले, मागोमाग शेठ. "सापडला का बिगाड?"

वहिनींनी पुन्हा कॅलेंडर धरलं. मी मुंग्यांवर फडकं टाकलं.

"स्प्रिंग गेलीय, पाटील. विलायती आहे. तिकडून मागवावी लागेल."

"सोमवारपत्तुर यील?"

"सोमवारपर्यंत पत्र पोचलं तरी नशीब."

शेठ तोंड उघडणार, एवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला. श्रावणातली उधारी फिटली. दुरुस्तीला ठेवलेलं हत्यार दुकानाच्या कपाटात राहतं, ते कायद्यातच आहे. पावती दिली आणि पिस्तूल कुलपात टाकलं. रंगराव शिव्या देत गेले, मला, शेठना आणि विलायतेला.

सोमवारी माझं कामात लक्ष नव्हतं. दुकानातला फोन वाजला की शेठच्या आधी मीच धावून उचलायचो. माणूस कुऱ्हाडीनंही मरतो आणि दगडानंही, मी फक्त एक पर्याय कमी केला होता.

पंधरवड्यानं रंगराव आले. सोबत वहिनी, आणि मागे एक दांडगा, हसऱ्या चेहऱ्याचा गडी. "ह्यो सर्जा," रंगराव म्हणाले. मी खुर्चीत बसलो.

मोजणी झाली होती. सरकारी माणसानं साखळी टाकली, नकाशा पाहिला आणि सांगितलं, बांध याचाही नाही अन् त्याचाही नाही. ती पट्टी पाणंदीची, म्हणजे गावाच्या गाडीवाटेची. बाभळीसकट. दोघा भावांनी मिळून वर्षानुवर्षं गावाचा रस्ता खाल्ला होता आणि कुणी जास्त खाल्ला यावरून भांडत होते. आता गाव पट्टी मोकळी करायला सांगत होतं, आणि भाऊ एक झाले होते, गावाविरुद्ध.

"मंग आता मला बी एक पायजे," सर्जेराव म्हणाला. "लायसनला अर्ज टाकलाय. पण दादासारकं लायटर नगं. मोठं दावा. समद्या गावाला दिसंल आसं."

शेठचा चेहरा उजळला. ते दोघांना घेऊन आतल्या खोलीत गेले.

वहिनी काउंटरपाशी आल्या. इकडंतिकडं बघितलं.

"हवालदार, धाकल्या जावंला बी शिकवाया लागंल," त्या म्हणाल्या. "मोठ्याला मध किती लागतोय?"

मी निवृत्त झालो, पण लोक अजून गाठून विचारतात, स्वसंरक्षणाला लहान बोअरचं पिस्तूल पुरतं का? मी बोअरबिअर काही समजावत बसत नाही. मी विचारतो, "घरात पूजा कोण करतं?"