माझ्यापासून लपवलेली फाईल

धुळ्याच्या स्टँडवर मला पुण्याच्या गाडीत बसवताना माय खिडकीशी येऊन म्हणाली, “आठली, घरची काळजी करू नको. तू तुन्हा अभ्यास कर.” मी वेडी, ते खरं धरून बसले.

पुण्याहून पुढे जर्मनीत आले. इथल्या लॅबमध्ये माझं काम रिसेप्टरवर. ते पेशीच्या अंगावर असतात, बाहेरून वाढीचा निरोप आला की आत पोचवतात. स्तनाच्या एका जातीच्या कॅन्सरमध्ये असा एक रिसेप्टर इतका बेसुमार होतो, की निरोप नसतानाही ‘वाढ, वाढ’ असा धोशा लावतो. त्याला रोखणारं औषध आहे. फक्त गाठीच्या तुकड्याचा तेवढा एक रिपोर्ट आधी बघावा लागतो.

मायला नेमका तोच कॅन्सर झाला. मला सोडून अख्ख्या गावाला माहीत!

दूरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, ही आपली रीत. व्हिडिओ कॉलवर माय डोक्यावरून पदर घट्ट ओढून बसायची. मी चिडवायची, “काय गं, मी काय तुझा सासरा आहे?” भाऊ, तू माझा थोरला, तूही हसायचास. पदराखाली केस उरले नव्हते.

दिवाळीला मी येणार म्हणून तू तिची फाईल मेहरूणला मावशीकडे नेऊन ठेवलीस. घरीही त्या दिवसांत मायचा पदर डोक्यावरून ढळला नाही. मी गेल्यावर आणलीस ती अर्धीच. धुळ्याच्या नव्या डॉक्टरांना तेवढेच कागद दाखवलेस, आणि ते औषध सुरूच झालं नाही.

माय गेली. तिच्या गंधमुक्तीला, सुतक फिटायच्या दिवशी, मावशीने उरलेले कागद माझ्या हातात दिले. त्यात तो रिपोर्ट होता. ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण तो कागद समजणारं घरात एकच माणूस होतं, आणि तुम्ही तो त्याच माणसापासून लपवलात. तू मान खाली घालून म्हणालास, “मायनेच शपथ घातली होती, तिले सांगू नका म्हणून.” तिच्याशी आता कशी भांडू रे?

परवा आबांचा फोन आला, “पोरी, एकदा घरी येऊन जा.” मी म्हटलं, “मला काही झालं ना आबा, तर मीही तुम्हाला कळवणार नाही.” म्हातारा बाप, हुंदके देऊन रडला. मला बरं वाटलं. नंतर स्वतःची शिसारी आली, पण आधी बरंच वाटलं.

इथे परक्या देशात मी कुणाशी इतकं वाईट वागू शकत नाही. तेवढ्यापुरतं तिकडचं ते घर अजून माझं आहे.