मुकादमाच्या खिशातला आकडा

घडीबाई,

तुझ्यावर लिहायचं ठरवलंय असं फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "लिहा की. पण लिहिण्यासारखं आहे काय त्यात?" तेवीस वर्षं दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घातलेल्या बाईनं हे विचारावं, कमाल आहे. तू लेकीच्या गावी गेलीस त्याला आता वर्ष होईल. गेलीस म्हणजे राहायला गेलीस, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक उगाच डोळे पुसायला लागतात. तुझ्याशीच बोलत बसले तर मधेच "राहू द्या ना बाई" म्हणशील. तेव्हा तू बस बाजूला. मी लोकांना सांगते.

तर घडीबाई मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखात्यात कामाला होती. ओलसर चादर इस्त्रीच्या रोलरमध्ये एका बाजूनं शिरायची आणि दुसऱ्या बाजूनं कडक, गरम होऊन बाहेर यायची. तिथे दोघी उभ्या; घडीबाईची जागा तीन नंबरच्या रोलरला. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, मागे सरायचं, पुन्हा यायचं. दिवसाला पाचशे चादरी. बोलणं फारसं नाही. त्या आवाजात बोलणार काय, कप्पाळ? पण तिच्या गठ्ठ्याची कड भिंतीसारखी सरळ यायची. वॉर्डातल्या नर्स म्हणायच्या, हा घडीबाईचा गठ्ठा, मोजू नका. तेच नाव पडलं.

मग घडी घालणारं मशीन आलं. मुकादमानं सहा जणींना आवारात बोलावलं, नवी यादी आहे म्हणाला, आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. तेवीस वर्षं त्या बोटाखाली सह्या केलेल्या, आता वाचतंय कोण? कागदावर लिहिलं होतं, 'स्वखुशीने काम सोडत आहे'. दुसऱ्या दिवशी फाटकावर तिला आत सोडलं नाही.

ती रडली नाही, भांडली नाही. रोजच्या वेळेला तिला जाग यायची. तोंड धुऊन, वेणी घालून ती खुर्चीत बसायची आणि दुपार व्हायची. नवरा म्हणाला, सही तूच केलीस ना, मग आता बोंब कुणाच्या नावानं मारायची? तिला त्याचाही राग आला नाही. दात काढल्यावर जीभ हिरडीवर फिरवावी आणि ती हिरडी आपली वाटू नये, तसं काहीतरी तिचं झालं होतं.

आम्ही एकाच इमारतीतल्या; जिन्यात भेटली तेव्हा मी विचारलं, तुला नक्की हवंय काय? ती म्हणाली, माझी जागा. कामगार कचेरीत तक्रार करायला नव्वद दिवसांची मुदत असते, आणि त्यातले ब्याऐंशी खुर्चीत गेले होते. हात धरून तिला माझ्या कॉम्प्युटरपुढे आणून बसवलं.

हल्ली सगळं ऑनलाइन. काम सोडण्याचं कारण निवडा: राजीनामा, निवृत्ती, करार संपला, इतर. 'काढून टाकलं' हा पर्यायच नाही. ज्यानं तो फॉर्म केला त्याला कुणी कधी काढलं नसणार. 'इतर' निवडलं. खाली हकीकत लिहायला पाचशे अक्षरांची जागा उघडली.

तिनं विचार केला आणि सांगितलं, "लिहा, मी सोडलं नाही."

"पुढे?"

"झालं की."

"अगं, अजून एवढी जागा आहे."

"असू दे रिकामी."

सहीच्या कागदाची गोष्ट मग मीच खोदून खोदून विचारून भरली. शेवटी 'पाठवा' दाबलं. तर म्हणे, तुमच्या नोंदलेल्या मोबाईलवर सहा आकडे आलेत, ते टाका. तिचा फोन मांडीवर गप्प पडलेला.

"तो मुकादमाचा नंबर असेल," ती म्हणाली.

ती कामाला लागली तेव्हा चाळीस बायकांत एकीकडेही मोबाईल नव्हता. मुकादमाकडे होता. म्हणून सगळ्यांच्या कागदांवर त्याचाच नंबर. कुणाच्या बँकेचा आकडा, कुणाच्या दाखल्याचा, सगळे त्याच्या खिशात यायचे आणि सकाळी हजेरीबरोबर तो ते ओरडून सांगायचा. पुढे घरोघर फोन आले, पण नंबर बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चालतंय ना, मग कशाला? मी कपाळावर हात मारला. ज्याच्यावर तक्रार, किल्ली त्याच्याच कमरेला.

तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. तिनं सरळ फोन लावला.

"मुकादम, आकडा आलाय बघा माझा."

मागे रोलरचा आवाज. त्यानं सवयीनं वाचायला सुरुवात केली. चार आकडे झाले आणि तो थांबला. "कसला गं हा?"

"तुमच्यावर तक्रार टाकतेय."

 मग तो म्हणाला, "बरं. दोन राहिलेत, घे." आणि दिले.

"तीन नंबरला कोण उभं असतं आता?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. लागतच नाही माणूस."

तिनं फोन ठेवला. तक्रार गेली.

पावतीवर लिहिलं होतं, पुढच्या सूचना नोंदलेल्या मोबाईलवर येतील. नंबर बदलायचा तर कचेरीत स्वतः जावं लागतं. सोमवारी जाऊ, मी म्हटलं. त्या सोमवारी माझा गुडघा. पुढच्या सोमवारी तिच्या लेकीचं बाळंतपण. तोवर पहिली सूचना मुकादमानं एका बाईकरवी इमानदारीनं कळवली, म्हणून आम्ही निर्धास्त. पण पुढे त्यालाही घरी बसवलं, आणि फोन दवाखान्याचा होता, तो काढून घेतला. सुनावणीची तारीख कुठल्यातरी खणात वाजली आणि बंद झाली. मी सहज साइट उघडली तेव्हा शेरा दिसला: अर्जदार गैरहजर, प्रकरण बंद.

"बरं," ती म्हणाली.

तीस दिवसांत पुन्हा उघडता येतं, मी चिडून सांगितलं, पण आधी नंबर बदल. मग एका सोमवारी आम्ही खरंच निघालो. थांब्यावर बस आली ती गच्च भरलेली, म्हणून सोडली आणि बाकावर बसलो.

"बाई," ती समोर बघत म्हणाली, "त्यांनी घेतलं परत, तर उभी कुठे राहू? तीन नंबरला माणूस लागत नाही."

 मी हातातल्या पावतीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

पुढची बस आली. बसायला जागा होती. कंडक्टरनं आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्याच्याकडे पाहिलं, आणि बस निघून गेली.