दुसरीच्या चिठ्ठीचं मलम

काजवालीचा राग कारखान्यात सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. शर्टांना काजं पाडायचं तिचं काम. मशीनबरोबर तिचं तोंडही चालायचं. एखाद्या शर्टाची कॉलर जरा तिरकी आली की तो शर्ट ती कॉलरवालीच्या अंगावर भिरकावायची.

"कॉलर तू वाकडी लावायचीस आणि शिव्या माझ्या काजांनी खायच्या!"

कॉलरवाली हसायची. "बोल बाई. तू गप्प बसलीस की वाटतं, लाइट गेली."

त्या कारखान्यात कुणाचं स्वतःचं असं काही नसायचं. कात्री, खडू, तेलाची कुपी, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं मधल्या टेबलावर. ज्याला लागेल त्यानं उचलावं. एखादीचा ब्लाउज चांगला बसला की बाकीच्या त्याचा मापाचा कागद मागून घ्यायच्या आणि त्यावरून आपला बेतायच्या. यात कुणाला वावगं वाटत नसे.

वर्षाच्या सुरुवातीला काजवालीच्या बोटांना इसब झालं. मशीनचं तेल आणि कापडाची खळ बाधली. बोटं चिरली, पाण्यात हात घालवेना. डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलं. चिठ्ठीवर स्पष्ट होतं: फक्त हातांना, पातळ थर, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. वर तोंडीही बजावलं, "औषध जोरदार आहे. चेहऱ्याला लावायचं नाही. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही."

काजवालीनं मान डोलावली. दोन आठवड्यांत बोटं नव्यासारखी झाली. उरलेली ट्यूब तिनं मधल्या टेबलावर ठेवली. चांगली वस्तू कपाटात कुजत ठेवणं तिला पटायचं नाही. कॉलरवालीनं चिठ्ठीचा फोटो मागितला, तोही काढू दिला.

पाच महिने गेले. काजवालीची भाची तिच्याकडेच राहायची आणि कारखान्यात बटणं लावायची. एकोणीस वर्षांची. मध्यंतरी पोरीचा रंग इतका उजळला की कारखान्याचे मास्तरसुद्धा म्हणाले, "काय गं, काय लावतेस?" पुढे ती ओढणीनं तोंड बांधून बसू लागली, घरीसुद्धा सोडेना. विचारलं तर म्हणायची, धुळीचा त्रास होतो.

एका दुपारी काजवालीनं ती ओढणी ओढलीच.

गाल भाजल्यासारखे लाल. कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक शिरा मोजाव्यात. हनुवटीभोवती पुटकुळ्यांची रांग.

"हे काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे माझे डोळे फुटलेत का?"

भाची रडायला लागली. तुझंच मलम, म्हणाली. मुरमांच्या डागांना लावलं, महिन्यात डाग गेले. थांबवलं तर दुप्पट आग. मग परत लावलं. टेबलावरची ट्यूब संपल्यावर दुकानातून आणली. आतापर्यंत नऊ.

काजवाली पायात चपला सरकवून थेट औषधाच्या दुकानात गेली. मागून भाची.

"हिला हे मलम कुणाच्या सांगण्यावरून दिलंस?"

"चिठ्ठी होती की," दुकानदार म्हणाला. "हिच्या मोबाइलमध्ये आहे. बघा."

काजवालीनं पाहिलं. वर तिचंच नाव. वय बावन्न.

"ही बावन्नची दिसते तुला?"

"मावशी, गिऱ्हाईक चिठ्ठी दाखवतं, आम्ही औषध देतो."

"खाली दोन आठवडे लिहिलंय. तू महिनोन्‌महिने देतोयस. वाचता येत नाही, की गल्ल्यापुढे दिसत नाही?"

"आवाज खाली करा. बाकीची माणसं आहेत."

"त्यांनाच ऐकू जायला हवं!"

ती कारखान्यात परतली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. चिठ्ठीचा फोटो हिला कुणी पाठवला, तिनं विचारलं.

"मी," कॉलरवाली म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तुझी बोटं किती छान झाली. मला वाटलं, पोरीचंही भलं होईल. वाईट का चिंतलं मी?"

"औषध म्हणजे काय ब्लाउजचा कागद आहे?" काजवाली ओरडली. "माझ्यावरून हिचं बेतायला?"

"तूच टेबलावर ठेवलंस," भाची मागून म्हणाली. "तूच."

काजवालीनं कॉलरवालीच्या हातातला मोबाइल घेऊन त्यातला फोटो पुसला.

मग तिनं एकेकीसमोर उभं राहून मोबाइलमधला तो फोटो पुसायला लावला. सहा जणींकडे निघाला. एक तर तान्ह्या बाळाच्या मांडीला लावत होती. काजवालीनं तिला बाळासकट, आणि भाचीलाही, डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी भाचीचा चेहरा उजेडात धरून पाहिला. "हे कसं सोडवायचं ते मी सांगेन. मनानं काही करायचं नाही. आग होईल, काही आठवडे. कदाचित महिने. उन्हात जायचं नाही. आणि जळलं म्हणून परत हेच लावलंस, तर पुन्हा पहिल्यापासून."

आठव्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या भाचीनं काजवालीचा हात धरला. "मावशी, एकदाच लावते. तोंडावर निखारे ठेवल्यासारखं होतंय."

"नाही."

"तुझी बोटं बरी झाली ना? तुला काय!"

"आहे कुठे ट्यूब?"

भाचीनं बटणांच्या डब्याच्या तळातून लपवलेली दहावी ट्यूब काढली आणि तिच्या मांडीवर फेकली. "घे. आणि माझ्याशी बोलू नकोस."

काजवालीनं ट्यूब काज चिरायच्या पात्यानं उभी कापली. मलम चिंधीत पुसून कचऱ्यात टाकलं. मग दुसरी स्वच्छ चिंधी गार पाण्यात पिळून पोरीच्या गालांवर धरली. पोरीनं हात झटकला. तिनं परत धरली.

मास्तर ओरडले, "काजं कधी व्हायची? पाचला गाडी येतेय!"

"येऊ दे. शर्ट उघडे घाला म्हणावं!"

भाची चार दिवस बोलली नाही. पाचव्या सकाळी चहा घेताना म्हणाली, "आज जरा कमी जळतंय."

"जरा म्हणजे किती?" काजवाली खेकसली. "कुठे कमी, गालावर की हनुवटीवर? नीट सांग. शुक्रवारी डॉक्टरीणबाईंपुढे मला जरा-बिरा चालायचं नाही."

"डाव्या गालावर," भाची म्हणाली. "उजवा तसाच आहे."

काजवालीनं कप खाली ठेवला आणि तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला.