घर पाहून विमा सांगणाऱ्या मनोरमाबाई

श्रीमती मनोरमाबाई आठल्ये यांची आणि माझी पहिली भेट लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत झाली, आणि त्याच भेटीत बाईंनी मी लिहिलेला विम्याचा अर्ज फाडायला लावला. साठीच्या गौरवग्रंथातला लेख असा सुरू करू नये, असे संपादक मंडळातल्या एका स्नेह्यांचे मत पडले. परंतु बाईंविषयी लिहायचे आणि खरे ते झाकून ठेवायचे, हे माझ्याच्याने होणार नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी गिरणगाव दुमदुमू लागले होते, तो काळ. आयुर्विमा तेव्हा खाजगी कंपन्यांकडे होता आणि अशाच एका कंपनीची एजन्सी घेऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. सकाळी विमा आणि संध्याकाळी सभा, असा माझा दिनक्रम होता. घर चालत होते ते थोरल्या बंधूंच्या, विश्रामदादांच्या पगारावर. ते परळच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवीत. आई, वहिनी, दोन मुली, एक मुलगा आणि मी, अशी सहा माणसे त्यांच्यावर अवलंबून होतो. दादांचा विमा उतरवायचे मी ठरवले आणि वीस वर्षांच्या मुदतीची पॉलिसी निवडली. ती निवडण्याचे कारण आज लिहिताना लाज वाटते: तिच्यावर मला कमिशन जास्त मिळणार होते. वारस म्हणून मी माझे नाव घातले. कापसाच्या धुळीने दादांना सकाळी खोकल्याची ढास लागे. तरीही आजाराच्या रकान्यात मी ‘काही नाही’ असे लिहिले. दादांनी न वाचता सही केली. धाकट्या भावाने लिहिलेले वाचायचे कशाला?

दुसऱ्या दिवशी अर्ज कचेरीत द्यायचा होता. त्या संध्याकाळी बाई शेजारच्या खोलीत आल्या होत्या. त्याही विम्याच्याच एजंट, पण दुसऱ्या कंपनीच्या. राहायच्या गिरगावात, पण त्यांची विमेदार माणसे परळ-लालबागेत पसरलेली. वर्षातून एकदा त्या प्रत्येक घरी जाऊन बसत आणि एकच प्रश्न विचारत, “गेल्या वर्षात घरात काय बदललं?” वहिनींनी त्यांना दारातच गाठले, आमच्या खोलीत आणले आणि माझा अर्ज त्यांच्या हाती दिला.

“बाईनू, ह्यां जरा वाचून सांगतास काय? माका काय कळता ह्यातला?”

बाईंनी चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला, मग दादांकडे वळून विचारले, “तुम्हांला काही झालं, तर या घराला किती वर्षं आधार लागेल?”

दादा मुलांकडे बघत राहिले. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता.

“हा विमा वाईट नाही,” बाई म्हणाल्या, “पण तो या घरासाठी नाही. हप्ता जड आहे आणि रक्कम तोकडी. ज्याच्यामागे कोणी नाही आणि ज्याला म्हातारपणासाठी शिल्लक टाकायची आहे, त्याला तो शोभेल. तुम्ही आयुष्यभराची पॉलिसी घ्या. तेवढ्याच हप्त्यात दुपटीचं संरक्षण मिळेल.”

मी चिडलो. “तुमच्या कंपनीत घ्यायची, असंच ना?”

“नाही हो. तुमच्याच कंपनीत मिळते ती. तुम्हीच लिहा. आणि वारसाचं नाव बदला. वहिनींचं घाला.”

“बाईमाणसाला पैशातलं काय कळतं?” मी बोलून गेलो.

बाई शांतपणे म्हणाल्या, “परब, मग आत्ता तुमचा अर्ज वाचला कोणी?”

खोलीत हसू फुटले. दादाही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. बाईंनी तो ऐकला. अर्जाचा तो रकाना बोटाने दाखवून त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. मी अर्ज फाडला आणि त्यांच्यासमोर बसून नवा लिहिला. खोकला जसा होता तसा लिहिला. कंपनीच्या डॉक्टरांनी दादांना तपासले आणि हप्ता थोडा वाढवला. ‘खरं लिहून तोटाच झाला की’, असे मी तेव्हा दादांना म्हणालो होतो.

वर्ष उलटले. मधल्या काळात आयुर्विमा सरकारने आपल्याकडे घेतला. चळवळ पेटली होती. सत्याग्रहाच्या एका तुकडीत मी पकडला गेलो आणि शिक्षा भोगायला तुरुंगात गेलो. मी आत असतानाच दादांच्या पोटात दुखू लागले. अपेंडिक्स फुटले होते. इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता.

मला बातमी कळली तेव्हा सारे उरकून गेले होते. भेटीच्या दिवशी जाळीपलीकडे वहिनी उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मनोरमाबाई. बाई म्हणाल्या, “परब, दादांसाठी रडायचं तेवढं रडून घ्या. घराची काळजी मात्र आत बसून करू नका. कागद वहिनींच्या नावाचा आहे. सही त्यांचीच लागणार, आणि ती करायला त्या बाहेर आहेत.”

तेव्हा मला समजले. वारस म्हणून माझेच नाव राहिले असते, तर माझ्या सहीसाठी, ओळखीसाठी, साक्षीदारांसाठी वहिनींनी किती महिने कचेरी आणि तुरुंग यांच्यामध्ये खेटे घातले असते! आणि तीन मुलांनी तोवर काय खाल्ले असते?

तरी एक अडचण होतीच. पॉलिसीला पुरती दोन वर्षे झालेली नसताना मृत्यू झाला, म्हणजे चौकशी होते. अधिकारी चाळीत आले आणि शेजाऱ्यांना विचारू लागले, मयताला आधी काही दुखणे होते का? पुढचे वहिनींच्या तोंडून ऐकलेले सांगतो. आमचे एक शेजारी आमच्या भल्यासाठीच म्हणाले, “छे हो साहेब, एकदम धडधाकट गडी!”

बाई तिथेच बसल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, “खोकला होता. रोज सकाळी यायचा. अर्जात लिहिलाय, तुमच्या डॉक्टरांनी तपासलाय आणि त्यासाठी जादा हप्ताही घेतलाय. कागद उघडून बघा.”

अधिकाऱ्यांनी पाहिले. नाकारण्यासारखे काही नव्हते. दावा मंजूर झाला आणि रक्कम वहिनींच्या हाती पडली. त्या चौकशीत माझा पहिला अर्ज पुढे आला असता, तर काय झाले असते, हा विचार आजही माझ्या अंगावर काटा आणतो.

मी सुटून आलो तेव्हा आमच्या खोलीत वहिनींची खाणावळ सुरू झालेली होती. दोन पाळ्यांचे गिरणी कामगार पाटावर बसून जेवत होते आणि आई भाकऱ्या थापत होती. बाई त्या वर्षीही आल्या, आणि तोच प्रश्न त्यांनी विचारला. या खेपेला उत्तरही त्यांनीच दिले, “बदल हा, की या घराचं कमावतं माणूस आता वहिनी आहेत. तेव्हा विमा त्यांचा हवा.”

बायकांचा विमा घ्यायला कचेरी नाखूष असे. अर्ज परत आला: स्वतंत्र उत्पन्नाचा पुरावा जोडा. खाणावळीला कसला पुरावा?

“पुरावा दिवसातून दोनदा तुमच्या पाटावर जेवायला बसतो,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला कागद आणायला सांगितला. आम्ही येथे महिन्याचे पैसे देऊन जेवतो, असे लिहून त्यांनी त्याखाली चौदा जणांच्या सह्या आणि अंगठे घेतले. साताऱ्याकडच्या एका गड्याने सहीपुढे आपण होऊन ‘कालवण झकास’ असेही लिहिले. ते खोडायला मी निघालो, तर बाईंनी हात धरला. “राहू दे. खरंच आहे ते.” तो कागद घेऊन त्या कचेरीत तीनदा गेल्या. तिसऱ्या खेपेला अर्ज स्वीकारला गेला.

वारस म्हणून तिन्ही मुलांची नावे पडली. मुले अजून वयाने अज्ञान, तेव्हा त्यांच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्याचे नाव हवे होते. बाईंनी लेखणी माझ्या हातात दिली. “इथं तुमचं नाव घाला, परब. आता चालेल.” तुरुंगातून सुटलो तेव्हा गळ्यात हार पडले होते, पण ‘आता चालेल’ या दोन शब्दांचा अभिमान मला त्या हारांहून अधिक वाटतो.

त्या दिवसापासून मी बाईंचा शिष्य झालो. त्यांच्या बरोबरीने वरळी कोळीवाड्यापासून दादरपर्यंत घरे पालथी घातली. मुलीचे लग्न झाले, मुलगा कमावता झाला, म्हातारे आईवडील गावाहून आले, असे काहीही घडले, की बाई पॉलिसी काढून पुन्हा वाचत. दादरच्या एका निवृत्त हेडक्लार्कांना मोठ्या रकमेचा विमा हवा होता. बाईंनी त्यांना सांगितले, “मुलं मार्गी लागली, घर उभं राहिलं. आता विम्याचं ओझं कशाला? पत्नीला घेऊन चार गावं फिरून या.” बुडालेल्या कमिशनपायी मी कळवळलो.

एकदा परळहून गिरगावला ट्रामने बाईंना पोचवायला जाताना मी विचारले, “वारसाच्या नावाचा एवढा ध्यास तुम्हांला कशामुळे लागला?” बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “आमच्या यजमानांनी विमा लग्नाआधी उतरवला होता, चुलत्यांच्या नावे. नंतर बदलायचं राहून गेलं. दुसरं काही नाही.” यजमान गेल्यावर सत्ताविसाव्या वर्षी पदरात मूल घेऊन त्या या धंद्यात का उतरल्या, ते मला त्या एका वाक्यात उमगले. त्या वाक्यात कोणाविषयी कडवटपणाचा लवलेशही नव्हता.

महाराष्ट्र राज्य झाले. शिवाजी पार्कवर आम्ही सारे गुलाल उधळत होतो, तेव्हा बाईही गर्दीत होत्या आणि पेढे वाटत होत्या. त्यांच्या साठीचा समारंभ ठरला, तेव्हा मात्र त्यांनी ठाम नकार दिला. अखेर होकार मिळाला तो एका अटीवर: दर रविवारी परळच्या शाळेची एक खोली मिळवून द्यायची. तिथे त्या आता गिरणगावातल्या बायकांना विम्याचे कागद वाचायला शिकवतात. कामगारांच्या बायका येतात, आपापल्या घरातली पॉलिसी पदराखालून आणतात, आणि एकेक ओळ मोठ्याने वाचतात. अडखळणारीला कोणी हसले, तर बाई रागावतात. बाईंना रागावलेले मी फक्त तिथेच पाहिले आहे.

आमच्या धंद्यात एक तक्ता असतो. कोणत्या वयाच्या माणसाने सरासरी आणखी किती वर्षे जगावे, ते त्यात छापलेले असते. साठीच्या स्त्रीपुढचा आकडा मला पाठ आहे. तो इथे लिहीत नाही. गिरणगावातल्या शेकडो घरांच्या वतीने परमेश्वराजवळ एवढेच मागणे आहे, की आमच्या मनोरमाबाईंनी ठणठणीत प्रकृतीने, चालत्या पायांनी आणि स्पष्ट नजरेने तो तक्ता साफ खोटा पाडावा.