वाळूची सावली

जुळे सोलापुरात आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा प्लॉटवर एकही झाड नव्हतं. दुपारची सावली पडायची ती फक्त वाळूच्या ढिगाची. तो ढीग तसा उभा राहिला, त्याला कारण मी.

वाळू उडून गॅलरीत येते, अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. म्हणून मी वाळू कुंपणाच्या भिंतीला चिकटून उंच रचून घेतली आणि रोज ऑफिसला निघण्याआधी तिच्यावर पाइपने पाणी मारायला लागले. मिस्त्रीची माणसं पूर्वेच्या बाजूने, पायथ्याशी फावडं मारून घमेली भरायची. ओली वाळू वरून खाली यायची नाही. आठवड्याभरात तिथे माणसाच्या उंचीचा सरळ कडा तयार झाला. कामावरच्या दोघी सासू-सुना दोन वाजता त्याच कड्याला पाठ टेकून जेवायच्या. मी ते रोज बघत होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

मग दोन दिवस मी दुधनीला माहेरी राहिले आणि तिसऱ्या दिवशी परस्पर ऑफिसला आले. दीड वाजता डबा उघडला. आईने दिलेली शेंगाची चटणी मी चमच्याने खालून कोरून घेतली. तेलामुळे वरचा भाग तसाच राहिला होता; दुसऱ्या घासाला सगळा खाली आला. हातातला चमचा तसाच राहिला. तीन सकाळी वाळूवर पाणी पडलेलं नव्हतं.

वजन तर कणाकणाला सतत खाली ओढत असतं. ओलावा असेल तोवर कण एकमेकांना धरून राहतात. सुकले की ज्वारीच्या राशीसारखे घरंगळतात आणि आपला उतार आपण शोधतात. हे मला स्वयंपाकघरातून तीस वर्षं ठाऊक होतं.

मिस्त्रीला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. साहेबांना न सांगताच स्कूटी काढली. सिग्नलला थांबले तेव्हा दोनला पाच कमी होते.

पोहोचले तर दोघी कड्याला टेकून, भाकरीचं फडकं सोडून बसलेल्या. सुनेच्या खांद्यावर वरून बारीक वाळू सांडत होती आणि ती पदराने झटकत होती. मोठ्याने बोलायचीसुद्धा मला भीती वाटली.

"मावशी, उठा. जेवण घेऊन इकडे जिन्यापाशी या."

"तितं ऊन हाय की, ताई," सासू म्हणाली. "हितं लई गार लागतंय."

"आधी उठा."

"उठा आत्या," सून हसत म्हणाली. "ताईंची वाळू मळंल आपल्या लुगड्यानं."

दोघी रमतगमत उठल्या. भाकरीचं फडकं उचललं, पाण्याचा कॅन तिथेच राहिला. ढीग होता तसाच उभा. मिस्त्री जिन्यावरून बघत होता.

"मॅडम, आठ दिवस उभाय त्यो. काय होत न्हाय."

"बाजूला उभे राहा आणि वरून फावडं लावा."

त्याने भिंतीवर चढून फावड्याचं टोक टेकवलं. ढकलावंही लागलं नाही. आवाजसुद्धा फारसा आला नाही, नुसता सरसर. वाळू खाली आली, पसरत पुढे गेली आणि त्या बसल्या होत्या त्याच्याही दोन हात पुढे जाऊन थांबली. कॅन दिसेनासा झाला.

सुनेच्या हातातला घास हातातच होता. मिस्त्री भिंतीवरून उतरला आणि कॅन उकरायला लागला. त्याला बराच वेळ लागला.

शेवटी सासूने त्या पसरट ढिगाकडे बघितलं.

"सावलीबी गेली की, ताई."

ते खरं होतं. मी स्कूटी पुन्हा सुरू केली आणि ऑफिसला न जाता ताडपत्री आणायला गेले.