नाव न घेता केलेली प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत चहाडी करणं पाप समजतात. म्हणून ती डोळे मिटून करतात.

हे मी रागाने लिहितेय. राग शांत झाल्यावर लिही, असं घरच्यांनी सुचवलं होतं. वर्ष होत आलं, राग काही शांत होत नाही, तेव्हा आता लिहूनच टाकते.

माझी धाकटी जाऊ वाघोलीला राहते. दीर वारल्यापासून ती आणि तिची मुलगी, दोघीच. नगर रोडची ती वाहतूक सोसून दर रविवारी दोघी शहरातल्या आमच्या चर्चमध्ये उपासनेला यायच्या आणि तिथून माझ्याकडे जेवायला. पुतणीला लहानपणी फिट्स यायच्या. गोळ्या अजून चालू आहेत, पण कित्येक वर्षांत एकही आलेली नाही. पोरगी नोकरी करते, गाडी चालवत नाही एवढंच. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा धायरीचा, आमच्यातलाच, फक्त दुसऱ्या मंडळीतला.

त्या रविवारी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईही माझ्याकडे जेवायला होत्या. बोलता बोलता जाऊ मला म्हणाली, "ताई, शनिवारी ती माणसं घरी येतायत. फिट्सचं मी त्यांना स्वतः सांगणार आहे. लपवून लग्न करायचं नाही मला. फक्त नीट शब्द सुचू देत, एवढी प्रार्थना करा."

अध्यक्षबाईंनी तिचा हात हातात घेतला. "अगं, निर्धास्त राहा. आम्ही आहोत ना!"

होत्याच त्या. बुधवारी मंडळाची सभा होती. जाऊ कामामुळे बुधवारी येत नसे, मी होते. शेवटी अध्यक्षबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या. पाऊसपाणी झालं, आजारी माणसं झाली, सरकार झालं. मग आवाज जरा ओला करून म्हणाल्या, "हे प्रेमळ पित्या, मी नाव घेत नाही, पण वाघोलीहून येणारी आमची एक विधवा भगिनी आहे. तिच्या मुलीचं लग्न ठरत आहे. त्या मुलीचा फिट्सचा आजार तू जाणतोस..."

पित्याला माहीतच होतं. बाकीच्यांना नव्हतं. आणि वाघोलीहून आमच्याकडे दुसरं कुणीही येत नाही. मी खोकले. पुन्हा खोकले, चांगली घसा फाटेपर्यंत. शेजारच्या बाईंनी डोळे न उघडता पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. दुसऱ्या कुठल्याही बोलण्यात "अहो, पुरे" म्हणता येतं. प्रार्थना मध्येच तोडायची आमच्यात पद्धत नाही. सगळ्या बायका कळवळून "आमेन" म्हणाल्या. त्यांच्यात मुलाची मावशीही होती, ती आमच्याच मंडळीतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलाच्या आईचा जाऊला फोन आला. "तुम्ही आमच्यापासून लपवलंत," त्या म्हणाल्या. "नाही हो, शनिवारी सांगणारच होते," असं ही सांगत राहिली. समोरच्याला आधीच कळल्यावर "सांगणारच होते" याला काय किंमत राहते? शनिवारी कुणी आलं नाही. निरोप आला, प्रभूची इच्छा दिसत नाही. आमच्यात नकार असाच देतात. सगळ्यांचे नकार बिचाऱ्या प्रभूच्या नावावर.

कदाचित तिने सांगूनही लग्न मोडलं असतं. पण मग ते तिच्या तोंडून ऐकून, तिच्या घरात बसून, तिने केलेला चहा पिऊन मोडलं असतं. खोटारडी म्हणून तर तिला कुणी हिणवलं नसतं. हे मी अध्यक्षबाईंना तोंडावर सांगितलं. त्या दुखावल्या. "अहो, मी नाव कुठे घेतलं? आणि प्रार्थना करण्यात कसला आलाय गुन्हा?"

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि क्षमा करायला मलाच सांगितलं. बाईंचा हेतू चांगला होता म्हणे. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी जीभ सांभाळण्यावर उपदेश केला, आणि खरंच चांगला केला. बाहेर पडताना अध्यक्षबाई त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आज अगदी बरोबर बोललात, साहेब. काही लोकांना याची फार गरज होती." मी चपला शोधत होते. नसत्या सापडल्या तर अनवाणी गेले असते, पण तिथे आणखी एक क्षण थांबले नसते.

त्यानंतर काही रविवार दोघी आल्या. जी भेटेल ती पुतणीच्या डोक्यावर हात ठेवून मान तिरकी करून विचारायची, "कशी आहेस गं आता?" मग दोघी यायच्या बंद झाल्या. फोन केला की जाऊ म्हणायची, "हल्ली फार दगदग होते हो." मी जास्त ताणलं नाही.

गेल्या महिन्यात न कळवता वाघोलीला गेले. दार पुतणीने उघडलं. जाऊ पलंगावर होती, गर्भपिशवीचं ऑपरेशन होऊन घरी आली होती. समोरच्या फ्लॅटमधल्या विदर्भातल्या बाई वरण-भाताचा डबा ठेवून नुकत्याच गेल्या होत्या. दवाखान्यातही त्याच थांबल्या होत्या म्हणे.

माझा तोल गेला. "अगं, सख्खी जाऊ ना मी तुझी? मला एका शब्दाने कळवलं नाहीस?"

ती रागावलेली नव्हती. "ताई, कळवलं असतं तर तुम्ही मंडळात प्रार्थनेला सांगितलं असतंत."

"मी कुणाला बोलले असते का?"

"बोलला नसतात. पण भीती वाटली."

मला फार लागलं ते. मी त्या सभेत खोकले होते, भांडले होते, पाळकसाहेबांकडे गेले होते. पण तिच्या लेखी मी "आम्ही आहोत ना" म्हणणाऱ्यांतलीच एक होते.

पुतणीने चहा केला. इकडचं तिकडचं बोललो. मग मी निघाले. आमच्यात कुणाच्या घरून निघताना उभ्याने छोटीशी प्रार्थना होते, तिच्याशिवाय पाऊल बाहेर पडत नाही. मी पर्स खांद्याला अडकवली, हात जोडले आणि सवयीने दोघींकडे पाहिलं.

त्या दोघींनी डोळे मिटले नाहीत.